अतिनवतारा शोधायचा कसा: पहिल्या निरीक्षणापासून अधिकृत नोंदीपर्यंत

१९ मे २०२३. भारतीय वेळेनुसार रात्रीचे १० वाजून ५७ मिनिटं. जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांच्या कॅमेऱ्यात एम १०१ या दीर्घिकेच्या एका भुजेवर १४.९ प्रतीचा, म्हणजे बराच अंधूक, नवा ठिपका आला. तो अतिनवतारा होता, म्हणजे स्फोट होऊन एकाएकी उजळलेला तारा. पुढे त्याला 'एसएन २०२३ आयएक्सएफ' हे नाव मिळालं आणि आठवडाभरात तो ११व्या प्रतीपर्यंत उजळला. त्या क्षणी पुण्याच्या आकाशात एम १०१ नेमकी याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर), क्षितिजापासून सुमारे ५४ अंश उंचीवर होती. तिचा फोटो काढायला याहून सोयीची वेळ नाही. बातमी पसरल्यावर वेगवेगळ्या देशांतल्या हौशी लोकांनी आपापले फोटो उघडून पाहिले, तेव्हा इतागाकींच्याही काही तास आधीचे फोटो निघाले आणि त्यांत तो ठिपका होता. ते फोटो त्या रात्री कोणी तपासले नव्हते, इतकंच.

दुर्बीण, कॅमेरा, माउंट (दुर्बीण धरून फिरवणारी बैठक) यांच्यावर नवखा माणूस महिनोन्महिने विचार करतो. तपासणीचा विचार मात्र फोटो हातात आल्यावर सुरू होतो, आणि अतिनवतारा निसटतो तो तिथेच. म्हणून इथे साधनांबद्दल थोडक्यात आणि तपासणीबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

आधी अपेक्षांचा हिशेब

तेज प्रतीत मोजतात. आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक. नवख्याला दोन प्रकारचे अतिनवतारे ओळखता आले तरी पुरे. 'आयए' प्रकारात श्वेतबटू (इंधन संपून आक्रसलेल्या) ताऱ्याचा स्फोट होतो आणि त्याची निरपेक्ष प्रत (३२.६ प्रकाशवर्षांवरून दिसली असती ती) कमाल तेजाच्या वेळी साधारण −१९.३ असते. 'टाइप २' मध्ये सूर्याच्या आठपटींहून जास्त वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळतो. यांचं तेज बरंच कमी-जास्त असतं, पण बहुतेक −१७च्या आसपास धरावं.

कन्या राशीतला दीर्घिकांचा समूह आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिथला आयए कमाल तेजाला १२व्या प्रतीच्या आसपास पोचतो, टाइप २ साधारण १४व्या. दहा कोटी प्रकाशवर्षांवर हेच आकडे १३ आणि १५.५ होतात, तीस कोटींवर १५.५ आणि १८. दुर्बिणीची पोच १७व्या प्रतीपर्यंत असेल तर पाच-दहा कोटी प्रकाशवर्षांच्या आतल्या दीर्घिका हे तुमचं कार्यक्षेत्र. त्यापलीकडे जाण्यात अर्थ नाही, कारण तिथे मोठी सर्वेक्षणं बसली आहेत. 'अ‍ॅटलास'च्या दुर्बिणी जवळजवळ सगळं आकाश दर एक-दोन रात्रींत साडेएकोणिसाव्या प्रतीपर्यंत पिंजून काढतात आणि पालोमारचं 'झेडटीएफ' उत्तरेकडचं आकाश त्याहून खोल पाहतं. खोलीत त्यांच्याशी स्पर्धा होणार नाही. स्पर्धा होऊ शकते ती वेळेत: जवळच्या दीर्घिका, दर रात्री, आणि ज्या रेखांशावर मोठ्या सर्वेक्षणांच्या दुर्बिणी विरळ आहेत तिथून. हवाई आणि कॅलिफोर्नियात दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते, ही महाराष्ट्रातून काम करणाऱ्याची खरी जमेची बाजू.

एका मोठ्या दीर्घिकेत शंभर वर्षांत ढोबळमानाने एक-दोन अतिनवतारे होतात. म्हणजे शंभर दीर्घिकांवर वर्षभर अखंड नजर ठेवली तर वर्षाला एक-दोन. पण चार महिने पावसाळा, पौर्णिमेच्या आसपासचे आठवडे, आणि तुमच्या आधी दुसऱ्याने नोंदवलेले, हे सगळं वजा केलं की काही वर्षांत एक शोध लागला तरी तो चांगलाच म्हणायचा. ज्याला हे प्रमाण पटत नाही त्याने शोधाच्या नादी न लागता सापडलेल्यांचं तेज मोजावं. ते काम विज्ञानाला तितकंच लागतं आणि त्यात एकही रात्र वाया जात नाही.

साधनं

डोळ्याने पाहायचं असेल तर २० सेमी व्यासाची डॉब्सोनियन दुर्बीण काळोख्या जागेवरून साधारण साडेतेराव्या प्रतीपर्यंत नेते. वर्षाकाठी दोन-चार अतिनवतारे त्या टप्प्यात येतात. ऑस्ट्रेलियाचे पाद्री रॉबर्ट एव्हान्स यांनी चाळीसहून जास्त अतिनवतारे नेत्रिकेला डोळा लावून शोधले. शेकडो दीर्घिकांभोवतीचे तारे त्यांना पाठ होते. आज त्या मार्गाने शोध लागणं जवळजवळ अशक्य आहे, पण सापडलेला अतिनवतारा स्वतःच्या डोळ्याने पाहायला हाच मार्ग.

कॅमेऱ्यासाठी २० सेमी, एफ/४ किंवा एफ/५ न्यूटोनियन, मार्गदर्शक कॅमेऱ्यासह विषुववृत्तीय माउंट आणि थंड करता येणारा कृष्णधवल सीमॉस कॅमेरा ही मजबूत जोडणी. एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती भाग येतो ते काढायचं सूत्र: २०६ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये. ३.७६ मायक्रॉन पिक्सेल आणि १००० मिमी नाभीय अंतर असेल तर ०.७७ विकला येतात (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आपल्याकडे हवेच्या थरथरीमुळे ताऱ्याचा ठिपका बहुतेक रात्री तीन विकलांच्या आसपास पसरतो, म्हणून २×२ बिनिंग (चार पिक्सेलचा एक) करून दीड विकलांवर यावं. फाइल लहान होते, तपासणी झरझर होते, आणि हातचं काही जात नाही.

छोट्या 'स्मार्ट' दुर्बिणींना नाक मुरडायचं कारण नाही. सीस्टार एस ५० चं भिंग फक्त ५० मिमीचं असलं तरी तिच्यातून २०२३ आयएक्सएफ असंख्य लोकांनी टिपला. दहा-दहा सेकंदांच्या फोटोंची रास रचून ती पंधराव्या प्रतीच्या आसपास पोचते. शोधासाठी ती अपुरी पडेल, सराव आणि तेजमापन यांसाठी पुरेशी आहे. एवढं मात्र करा: अ‍ॅपने सजवलेला जेपीईजी फोटो ठेवू नका, कॅमेऱ्याच्या मूळ आकड्यांच्या सुट्ट्या फिट्स फाइल जपून ठेवा. मोजमाप फिट्सवरच होतं.

वीज हा आपल्याकडे रात्र बुडवणारा मुद्दा. माउंट, थंड कॅमेरा, छोटा संगणक आणि दवरोधक पट्टे मिळून १२ व्होल्टवर पाच-सहा अँपिअर सहज ओढतात. आठ तासांसाठी साधारण ५० अँपिअर-अवरची बॅटरी धरा. ऑक्टोबर ते जानेवारीत सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि कोकण-गोव्यात दव इतकं पडतं की दवरोधक पट्टा नसेल तर मध्यरात्रीआधीच दुय्यम आरसा किंवा भिंग धुरकट होतं. सगळे तारे हळूहळू अंधूक आणि फुगीर होत चालले की फोकसला हात लावण्याआधी टॉर्चने भिंग पाहा.

पहिलं काम: सापडलेला अतिनवतारा गाठा

एक पूर्ण हंगाम फक्त हेच करा. रॉचेस्टर अ‍ॅस्ट्रॉनॉमी क्लबची तेजस्वी अतिनवताऱ्यांची यादी रोज अद्ययावत होते. तिच्यात दीर्घिकेचं नाव, अतिनवताऱ्याचे विषुवांश-क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश), ताजी प्रत आणि केंद्रापासूनचं अंतर मिळतं. साडेचौदापेक्षा उजळ आणि केंद्रापासून निदान २० विकला दूर असलेला एक निवडा. केंद्राला चिकटलेला पहिल्यांदा घेऊ नका, दीर्घिकेच्या उजेडात तो हरवतो.

दीर्घिका आपल्या अक्षांशावर किती वर येते ते आधी काढा. पुणे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. एम ८२ची क्रांती ६९ अंशांहून थोडी जास्त, म्हणून पुण्याहून ती कधीच चाळीस अंशांच्या वर जात नाही, आणि उत्तर क्षितिजावर शहराचा उजेड असेल तर त्रासच. कन्या समूहाची क्रांती बारा अंशांच्या आसपास, म्हणजे तो जवळजवळ डोक्यावरून जातो. एनजीसी ३६२१ या दीर्घिकेची क्रांती उणे ३३. तिथला २०२४ जीजीआय हा अतिनवतारा आपल्याकडून चांगला दिसण्यासारखा होता, युरोपातल्या बहुतेकांना मात्र तो क्षितिजालगत शोधावा लागला.

ध्रुवतारा पुण्यात साडेअठरा, पणजीत साडेपंधरा अंशांवर असतो. धुरकट हवेत तो दिसला नाही तर कॅमेऱ्याने 'थ्री पॉइंट' पद्धतीची ध्रुवजुळणी करा, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे वळवा. एनआयएनए या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. फोकस बाहतिनोव मास्कने (दुर्बिणीच्या तोंडावर लावायच्या खाचांच्या झाकणाने) करा आणि तापमान तीन अंश उतरलं की पुन्हा तपासा. मग ६० सेकंदांचे पाच ते दहा फोटो, प्रत्येक दोन फोटोंमध्ये दुर्बीण काही पिक्सेल सरकवून. ही सरकवणी आळसाने टाळू नका. पुढे खोटे ठिपके ओळखताना तीच कामी येते.

फोटो रचून झाले की 'एस्टॅप' या सॉफ्टवेअरमध्ये प्लेट सॉल्व्ह करा, म्हणजे सॉफ्टवेअर ताऱ्यांच्या मांडणीवरून प्रत्येक पिक्सेलचे विषुवांश-क्रांती ठरवतं. यादीतल्या स्थानावर कर्सर न्या. तिथे ठिपका असेल आणि जुन्या सर्वेक्षणाच्या फोटोत त्या जागी काही नसेल, तर तुमचा पहिला अतिनवतारा गाठला.

नेत्रिकेतून पाहणाऱ्याने एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरून प्रती लिहिलेला नकाशा छापून घ्यावा. अतिनवताऱ्यापेक्षा थोडा उजळ एक आणि थोडा अंधूक एक असे दोन तारे निवडा. ते १२.६ आणि १३.२ असतील आणि अतिनवतारा उजळ ताऱ्याकडून एक तृतीयांश अंतरावर वाटला, तर तुमचा अंदाज १२.८. आधी कोणाचा आकडा वाचून बसू नका, डोळा तोच आकडा पाहायला लागतो.

तेज मोजताना

कृष्णधवल कॅमेरा असेल तर व्ही (हिरवट-पिवळा प्रकाश घेणारा) फिल्टर लावा. रंगीत कॅमेऱ्यातला हिरवा भाग वेगळा काढून तुलनेच्या ताऱ्यांच्या व्ही प्रतींशी जुळवता येतो. एएव्हीएसओकडे तो 'टीजी' म्हणून नोंदवतात. ताऱ्याभोवतीचं मोजणीचं वर्तुळ त्याच्या ठिपक्याच्या रुंदीच्या दीडपट त्रिज्येचं ठेवा. तुलनेचे तारे निदान पाच घ्या, आणि एक तपासणीचा तारा वेगळा ठेवा ज्याची प्रत ठाऊक आहे. त्याचं उत्तर चुकलं तर सगळंच चुकलं. त्रुटीचा अंदाज सोपा: एक भागिले संकेत-गोंगाट गुणोत्तर (ताऱ्याचा उजेड मोजणीतल्या गोंगाटाच्या किती पट). गुणोत्तर ५० असेल तर सुमारे ०.०२ प्रत.

हे गणित कागदावर सुंदर असतं आणि दीर्घिकेत फसतं. सॉफ्टवेअर ताऱ्याभोवतीच्या कड्यातून पार्श्वभूमी मोजून वजा करतं. पण कड्याचा एक भाग उजळ भुजेवर आणि दुसरा काळोख्या आकाशावर पडला तर वजाबाकी चुकते आणि अतिनवतारा अंधूक होत जाईल तशी ही चूक फुगत जाते. महिन्या-दोन महिन्यांनी तुमचा आलेख आडवा झाला आणि इतरांचा उतरत राहिला, तर तुम्ही अतिनवतारा सोडून दीर्घिका मोजत आहात. उपाय एकच: अतिनवतारा नसतानाचा, त्याच दुर्बिणीचा आणि त्याच फिल्टरचा फोटो वजा करणं. तो आधीचा नसेल तर वर्षभराने काढा आणि जुनी मापं पुन्हा मोजा.

आयए प्रकारचा अतिनवतारा स्फोटानंतर सुमारे अठरा-एकोणीस दिवसांत कमाल तेजाला पोचतो आणि पुढच्या पंधरा दिवसांत निळ्या प्रकाशात साधारण १.१ प्रतीने उतरतो. टाइप २ मधला नेहमीचा उपप्रकार सुमारे शंभर दिवस जवळजवळ एका पातळीवर टिकून मग झपकन पडतो. त्यानंतर उरतो तो किरणोत्सारी कोबाल्ट-५६चा उजेड. त्याचा अर्धायुष्यकाळ ७७ दिवसांचा, म्हणून शेपटीचा उतार शंभर दिवसांना साधारण एक प्रत. आठवड्याला दोन मापं असली तरी हा फरक आलेखात स्वच्छ दिसतो.

आयएचा आलेख हातात आला की अंतर स्वतः काढून पाहा. एम १०१ मधल्या २०११ एफईची कमाल प्रत ९.९ होती. ९.९ वजा (−१९.३) म्हणजे २९.२, त्यात ५ मिळवून ५ने भागलं की ६.८४, दहाचा तितकावा घात म्हणजे सुमारे ६९ लाख पार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं), अर्थात सव्वादोन कोटी प्रकाशवर्षं. इतर पद्धतींनी येणारं अंतर दोन कोटी दहा लाखांच्या आसपास आहे. एका आकड्यातून एवढं जवळ! आता हाच हिशेब एम ८२ मधल्या २०१४ जेला लावा. कमाल प्रत साडेदहा, उत्तर येतं तीन कोटी प्रकाशवर्षं, आणि खरं अंतर आहे सव्वा कोटीच्याही आत. एम ८२च्या धुळीने त्याचा जवळजवळ दोन प्रतींचा उजेड गिळला होता. म्हणूनच व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ एका फिल्टरवर थांबत नाहीत. निळ्या आणि लाल प्रकाशातल्या फरकावरून धूळ किती ते काढतात.

गस्त

हंगामभर हात बसला की यादी करा. सुरुवातीला तीस-चाळीस दीर्घिका पुरेत, पण त्या प्रत्येक स्वच्छ रात्री. महिन्यातून एकदा दोनशे पाहण्यापेक्षा हे बरं, कारण एक आठवडा उशिरा पाहिलेला अतिनवतारा दुसऱ्याच्या नावावर लागलेला असतो. तारे जोमाने जन्मत असलेल्या, समोरून दिसणाऱ्या सर्पिल दीर्घिकांना अग्रक्रम द्या. एनजीसी ६९४६ मध्ये १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत दहा स्फोट दिसले. एम ६१ मध्ये २०२०पर्यंत आठ.

आपल्या आकाशाला सोयीची वाटणी अशी: ऑक्टोबर-डिसेंबरात संध्याकाळी एनजीसी ६९४६, एनजीसी ७३३१, एम ७४, एनजीसी २५३, मग एनजीसी १३६५, जानेवारी-फेब्रुवारीत एनजीसी २४०३, एम ८१, एम ८२, मार्चपासून मे अखेरपर्यंत एम ६६, एम ९५, एम ६१, एम १००, एम ५१, एम १०१ आणि दक्षिणेकडे एम ८३. मार्च-एप्रिल हा आपला खरा सुगीचा काळ: कन्या, अरुंधती केश आणि श्यामशबल डोक्यावर, आणि दवही कमी. मेमध्ये धूळ आणि वळवाचे ढग सुरू होतात.

प्रत्येक दीर्घिकेचे ६० सेकंदांचे तीन ते पाच फोटो पुरतात. केंद्र पांढरंफटक होऊ देऊ नका, कारण केंद्राजवळचा अतिनवतारा त्या पांढऱ्या पट्ट्यात बुडून जातो. सुट्टे फोटो खोडू नका. अर्जेंटिनातल्या रोसारियोचे व्हिक्टर बुसो २० सप्टेंबर २०१६ रोजी ४० सेमी दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासत होते आणि एनजीसी ६१३चे वीस-वीस सेकंदांचे फोटो काढत होते. त्यांत एक ठिपका उगवताना आणि चढताना सापडला. ताऱ्याच्या पृष्ठभागातून स्फोटाचा धक्का बाहेर पडतानाचा तो प्रकाश होता. सगळे फोटो रचून एकच ठेवला असता तर ती चढण कोणाला कळली नसती.

पहिल्या हंगामात मिळालेल्या सर्वांत स्वच्छ रात्रीचा, दीर्घिका उंच असतानाचा फोटो हा त्या दीर्घिकेचा संदर्भ फोटो. शक्यतो स्वतःचाच वापरा. इंटरनेटवरच्या जुन्या निळ्या प्लेटशी तुमचा फिल्टरविना काढलेला सीमॉस फोटो ताडला तर लालसर तारे आणि हायड्रोजनचे तेजोमेघ 'नवे' दिसतात आणि अर्धी रात्र त्यात जाते. एनजीसी ६९४६ आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असल्याने तिच्यावर आपल्याच आकाशगंगेतले असंख्य तारे विखुरलेले दिसतात. तिथे संदर्भ फोटोवाचून काम करणं व्यर्थ.

तपासणी त्याच रात्री, निदान सकाळी चहाआधी. दोन्ही फोटो एकमेकांवर जुळवून आलटून पालटून दाखवा. एस्टॅप आणि टायको ट्रॅकर दोन्हींत हे होतं. उजळपणा दोनदा बदला: एकदा अंधूक भुजा दिसतील असा, एकदा फक्त केंद्र दिसेल असा. माउंट याम्योत्तर ओलांडून उलटला असेल तर फोटो १८० अंश फिरलेला असतो, हे जुळवण्याआधी लक्षात घ्या.

ठिपका दिसला

आता घाई करायची नाही आणि रेंगाळायचंही नाही. पुढचा क्रम बदलू नका, कारण तो स्वस्त तपासणीकडून महागड्या तपासणीकडे जातो.

१. ठिपका प्रत्येक सुट्ट्या फोटोत आहे का? फक्त एकात असेल तर वैश्विक किरण किंवा उपग्रहाची चमक. सगळ्यांत आहे, पण ताऱ्यांच्या मानाने सरकतो आणि सेन्सरवर त्याच जागी राहतो? मग तो गरम पिक्सेल. दुर्बीण सरकवून फोटो काढण्याचा फायदा इथे होतो. आकार पाहा: खऱ्या ताऱ्याचा ठिपका शेजारच्या ताऱ्यांइतकाच रुंद असतो. त्याहून टोकदार म्हणजे सेन्सरची करामत, पसरट म्हणजे तेजोमेघ किंवा भिंगातलं प्रतिबिंब. जवळ उजळ तारा असेल तर दुर्बीण अर्धा अंश हलवून पुन्हा फोटो घ्या, प्रतिबिंब जागा बदलतं.

२. सरकतोय का? मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या (आकाशात सूर्याच्या नेमक्या समोर असण्याच्या) आसपास तासाला साधारण ३० विकला चालतो. अर्ध्या तासाने पुन्हा फोटो घेतला तर त्याची चाल उघडी पडते. मायनर प्लॅनेट सेंटरच्या 'एमपी चेकर'मध्ये स्थान, वेळ आणि तुमचा वेधशाळा संकेतांक (नसेल तर भूकेंद्राचा ५००) टाका. कन्या आणि सिंह राशीतल्या दीर्घिका क्रांतिवृत्ताजवळ (सूर्य-ग्रहांच्या वाटेजवळ) असल्याने तिथे लघुग्रह नेहमीचेच पाहुणे. सप्तर्षीतल्या एम १०१ किंवा एम ८१ वर क्वचित. स्थिर बिंदूजवळचा (चालीची दिशा बदलताना थबकलेला) लघुग्रह अर्धा तास जवळजवळ हलत नाही, म्हणून चेकर टाळू नका.

३. आधीच कोणी नोंदवला आहे का? 'ट्रान्झियंट नेम सर्व्हर', म्हणजे टीएनएस या अधिकृत नोंदीच्या संकेतस्थळावर त्या स्थानाभोवती दहा विकलांत शोध घ्या. अतिनवतारे महिनोन्महिने दिसतात, त्यामुळे बहुतेक 'शोध' इथेच संपतात. वाईट वाटून घेऊ नका, तुमची पद्धत बरोबर चालली असल्याची ती पावती आहे.

४. तो कायमचा तारा आहे का? अलादीन या आकाशाच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅन-स्टार्स आणि गाया ही सर्वेक्षणं उघडा. पॅन-स्टार्सचे फोटो उणे तीस क्रांतीच्या उत्तरेला मिळतात, तुमच्यापेक्षा कितीतरी अंधूक तारे दाखवतात. त्या जागी लाल अंधूक तारा असेल तर एएव्हीएसओच्या 'व्हीएसएक्स' यादीत रूपविकारी तारा म्हणून तो आहे का पाहा. आपल्याच आकाशगंगेतला एखादा बटुनवतारा (अधूनमधून उसळणारी श्वेतबटूची जोडी) काही तासांत पाच-सहा प्रतींनी उसळून दूरच्या दीर्घिकेवर येऊन बसतो आणि भल्याभल्यांना चकवतो. ठिपका नेमका केंद्रावर असेल तर संशय दुप्पट: सक्रिय केंद्रकाचं (कृष्णविवरामुळे झळकणाऱ्या केंद्राचं) तेज कमी-जास्त होतच असतं, आणि हवेची थरथर बदलली तरी केंद्र 'उजळल्या'सारखं दिसतं.

५. दुसऱ्या दुर्बिणीतून खात्री. दुसरा निरीक्षक, दुसरी जागा, किंवा भाड्याची दूरस्थ दुर्बीण. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ, कल्याणचं आकाश मित्र, गोव्याची असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी अशा मंडळांतून असा जोडीदार आधीच शोधून ठेवा. मध्यरात्री फोन करायचा तो ओळखीच्या माणसाला.

हे सगळं सरावाने पाऊण तासात होतं. मधे ढग आले तर निदान पहिल्या चार पायऱ्या पुऱ्या करा.

नोंद

टीएनएसवर खातं मोफत आहे, पण ते आधीच उघडून ठेवा. ऐन रात्री पासवर्ड आणि ईमेलच्या पडताळणीत अडकून प्राधान्य घालवण्यासारखं दुसरं दुःख नाही. फॉर्ममध्ये लागतं ते असं: विषुवांश आणि क्रांती (प्लेट सॉल्व्ह केलेल्या फोटोतून, एक विकलेच्या आत अचूक), शोधाच्या फोटोची वेळ, प्रत आणि फिल्टर, साधन, दीर्घिकेचं नाव, आणि त्या जागी शेवटचं कधी काही दिसलं नव्हतं, त्या फोटोची तारीख व त्याची मर्यादा-प्रत (त्यात दिसणाऱ्या सर्वांत अंधूक ताऱ्याची प्रत). हा शेवटचा रकाना नवखे लोक गंभीरपणे घेत नाहीत. स्फोट केव्हा झाला याची मर्यादा त्याच आकड्यावरून ठरते. काल रात्रीचा तुमचा रिकामा फोटो इथे सोन्याच्या मोलाचा.

वेळ जागतिक वेळेत लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. तारखेची गफलत इथेच होते: १२ मार्चच्या पहाटे २ वाजता काढलेला फोटो हा ११ मार्चच्या २०:३० चा असतो. संगणकाचं घड्याळ इंटरनेटशी जुळवलेलं ठेवा, आणि एक्सपोजरची सुरुवात की मध्य, ते ठरवून एकच पद्धत पाळा.

नोंद स्वीकारली गेली की नाव मिळतं, आधी 'एटी' या उपसर्गाने. वर्षातले पहिले सव्वीस मोठ्या इंग्रजी अक्षरांचे, मग दोन आणि तीन लहान अक्षरं. आयएक्सएफपर्यंत मोजत गेलात तर २०२३ मध्ये १९ मेपर्यंत साधारण ६,७०० नावं वाटून झाली होती हे कळेल. 'एटी'चं 'एसएन' होतं ते वर्णपट (रंगांत फोडलेला प्रकाश) घेतल्यावर. तो बहुधा मोठ्या दुर्बिणी घेतात. आपल्याकडे लडाखमधल्या हानले इथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण हे काम करते, आणि शेजारचीच ७० सेमीची ग्रोथ-इंडिया तेजमापन करते. जवळच्या अतिनवताऱ्यांचे रेडिओ वेध नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने घेतले जातात.

बाराव्या प्रतीपेक्षा उजळ असेल तर वर्णपट तुम्हीही घेऊ शकता. मिलिमीटरला शंभर रेघांची 'स्टार अ‍ॅनालायझर' जाळी सव्वा इंची फिल्टरच्या आट्यांत बसते. २० सेमी दुर्बिणीवर कॅमेऱ्यापुढे ती लावा, दोन-दोन मिनिटांचे वीस-तीस फोटो रचा, आणि अभिजित किंवा व्याध यांसारख्या ए वर्गाच्या ताऱ्याच्या हायड्रोजन रेषांवरून तरंगलांबीची पट्टी बसवा. दीर्घिकेचा उजेड वर्णपटावर चढू नये म्हणून जाळी फिरवून पट्टा भुजेला आडवा जाईल असं पाहा. ६१५० अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) या आकड्याच्या आसपास रुंद खळगा दिसला तर ती सिलिकॉनची खूण, म्हणजे आयए. ६५६३ जवळ रुंद फुगवटा दिसला तर हायड्रोजन, म्हणजे टाइप २. खळगे इतके रुंद असतात की साधी जाळीही ते पकडते. स्फोटातलं द्रव्य सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने फेकलं जात असतं.

जून ते सप्टेंबर दुर्बीण पेटीत जाते. त्या चार महिन्यांत संदर्भ फोटोंची लायब्ररी लावून घ्या: प्रत्येक दीर्घिकेचा एक फोटो, फाइलच्या नावात तारीख, फिल्टर आणि मर्यादा-प्रत. मग गेल्या हंगामातल्या एकेका रात्रीचे फोटो त्या संदर्भ फोटोंशी ताडा. टीएनएसवर नंतर नोंदवलेला एखादा अतिनवतारा तुमच्या आधीच्या फोटोत निघाला, तर ते मापही संशोधकांना हवं असतं. एएव्हीएसओकडे वेळ आणि फिल्टरसह नोंदवून टाका.